जुन्या इंजिनाचा सुटा भाग

तालुक्याच्या गावी यंत्रसामानाचे दुकान असते. तिथे असे बोलणे नेहमी ऐकू येते.

"शेठ, इंजनाची रिंग पायजे."

"कुठल्या इंजनाची?"

"आमच्या विहिरीवरच्या."

"अवो पावनं, विहिरीवरचं ते खरं. पण कंपनी कोणती? किती हॉर्सपॉवरचं?"

"कंपनी काय ठावं नाय. हिरवं हाय. आमच्या वडलांनी घेतल्यालं. दोन मोठी चाकं हायती बगा."

आता दुकानदाराने काय करावे? दोन चाकांची हिरवी इंजिने एका कारखान्याने काढलेली नाहीत, अनेकांनी काढली. तो अंदाजाने एक रिंग देतो. पाहुणा ती घेऊन एस.टी.ने घरी येतो. रिंग सिलिंडरात घालून बघतो, तर ती सैल! पुन्हा दुकान, पुन्हा गाडीभाडे. दुकानदार म्हणतो, "तेल लागलेला माल परत घेत नाही." तिकडे गहू ओंबीवर आलेला असतो. पाण्याची पाळी चुकली तर दाणा बारीक पडणार. शेवटी माणूस वैतागतो आणि म्हणतो, "मोडीत घाला ते इंजन!" तीनशे किलोंहून जड इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. आणि त्यात बिघडलेले काय असते? एक रिंग.

जुन्या यंत्राचे भाग मिळत नाहीत, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते मिळतात. आपल्याला भागाचे नाव, नंबर आणि माप सांगता येत नाही, ही खरी अडचण असते. भाग शोधण्याचे निम्मे काम आपल्या इंजिनघरात बसूनच करायचे असते. ते कसे करावे, ते आता पाहू.

ही इंजिने आली कुठून?

इंग्लंडात डर्स्ली नावाचे एक लहान गाव आहे. तिथे १८६७ साली लिस्टर कंपनी सुरू झाली. या कंपनीने १९३० च्या सुमारास एक डिझेल इंजिन बाजारात आणले. त्याच्या नावात 'सी.एस.' अशी दोन अक्षरे होती. 'कोल्ड स्टार्ट', म्हणजे थंड असतानाच सुरू होणारे, असा त्यांचा अर्थ. त्याआधीच्या पुष्कळ तेलइंजिनांचे डोके आधी दिव्याच्या ज्योतीने तापवावे लागे. मग ती सुरू होत. हे इंजिन नुसते हँडल मारून सुरू होई. त्यातले सहा हॉर्सपॉवरचे इंजिन फार चालले. एक सिलिंडर, दोन जड चाके, आणि मिनिटाला ६५० फेरे. चाल संथ, म्हणून झीजही कमी. गावाबाहेरून त्याचा 'टुक् टुक्' आवाज आला, की गिरणी सुरू झाली हे घरोघर कळे. मग बायका दळणाचे डबे घेऊन निघत.

इंग्लंडात हे इंजिन १९८७ पर्यंत निघत होते. मग तिकडे ते बंद झाले. पण आपल्या देशात, सौराष्ट्रात, राजकोट भागातल्या कारखान्यांनी तोच नमुना उचलला होता. त्या नमुन्याची इंजिने आणि भाग तिथे पुढेही निघत राहिले. म्हणून नव्वद वर्षांपूर्वीच्या नमुन्याची रिंग आज कोरी करकरीत मिळू शकते.

महाराष्ट्रातही इंजिने बनली. साताऱ्याला कूपर यांचा कारखाना होता. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. त्यांची इंजिने गावोगाव गेली. आता विजेच्या मोटारी आल्या आणि पुष्कळ जुनी इंजिने कोपऱ्यात पडली. तरी वीज गेली म्हणजे त्यांचीच आठवण होते. काही गुऱ्हाळांवर आणि विहिरींवर ती अजून राबतात.

आधी पाटी वाचा

प्रत्येक इंजिनावर एक लहान पाटी असते. पितळेची किंवा पत्र्याची. वर्षानुवर्षे तेल, धूळ आणि रंगाचे थर बसून ती झाकून जाते. कधी कधी तर इंजिन रंगवणाऱ्याने पाटीसकट सारे रंगवून टाकलेले असते! ती पाटी शोधा. डिझेलच्या बोळ्याने पुसा. रंग निघत नसेल तर रंग काढायचे औषध लावा. कानस मात्र लावू नका. कानशीने रंगाबरोबर आकडेही जातात.

पाटीवरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. ती वाचता आली नाहीत तरी अडत नाही. पाटीवर पातळ कागद धरा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे कागदावर उठतील. लहानपणी आपण नाण्याचा छाप असाच काढत होतो. मोबाइल असेल तर फोटोही काढा.

पाटीवर चार गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, इंजिनाचे नाव किंवा मॉडेल. दुसरी, हॉर्सपॉवर. तिसरी, आर.पी.एम., म्हणजे चाक मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. चौथी, त्या इंजिनाचा स्वतःचा नंबर.

मॉडेलचे एक अक्षर चुकले तर काय होते, ते बघा. किर्लोस्करचे एव्ही-१ हे एक इंजिन आहे. त्याच्या सिलिंडरचे तोंड ८० मिलिमीटर. दुसरे टीव्ही-१. त्याचे तोंड ८७.५ मिलिमीटर. दोन्हींत पिस्टन वरखाली जातो तो सारखाच, ११० मिलिमीटर. दोन्हींचे फेरेही १५००. दोन्ही इंजिने एकाच घरातली. पण एकाची रिंग दुसऱ्याला साडेसात मिलिमीटर चुकेल. दुकानात नुसते "किर्लोस्करची रिंग द्या" म्हणून भागायचे नाही.

पाटी हरवलीच असेल तर सिलिंडरवरून इंजिन ओळखता येते. डोके, म्हणजे हेड, उघडायचे. सिलिंडरच्या तोंडाचे माप घ्यायचे. मग चाक हाताने फिरवायचे. पिस्टन अगदी वर आला की खूण करायची, अगदी खाली गेला की खूण करायची. दोन खुणांतले अंतर मोजायचे. तोंड साडेचार इंच आणि अंतर साडेपाच इंच भरले, की समजावे, इंजिन लिस्टर नमुन्याचे आहे. मिलिमीटरमध्ये हेच आकडे ११४.३ आणि १३९.७ होतात.

झिजलेल्या भागाचे माप

इथे पुष्कळ जण फसतात. जुना भाग हातात घेतात, त्याला पट्टी लावतात, आणि तेच माप सांगतात. पण भाग बदलायचा का? तर तो झिजला म्हणून. झिजलेल्या भागाचे माप म्हणजे झिजेचे माप!

माप नेहमी न झिजलेल्या जागी घ्यावे. सिलिंडरमध्ये सगळ्यांत वर एक बारीक कडा राहते. तिथवर रिंग पोचत नाही. त्या जागी मूळ माप सापडते. बुश ढिला झाला असेल तर बुशाचे भोक मोजून उपयोग नाही. त्यात फिरणारा शाफ्ट जिथे झिजलेला नाही तिथे मोजा. नुसती फूटपट्टी या कामाला पुरत नाही. गावच्या मिस्त्रीकडे व्हर्नियर असतो. त्याने दोनदा मोजून घ्या, तेही आडवे आणि उभे. दोन मापांत फरक आला तर भोक लांबट झाले आहे.

आणखी एक गोष्ट. तुमच्या आधी कोणी ते इंजिन दुरुस्त केले असेल. सिलिंडर झिजला की तो आतून थोडा कोरून मोठा करतात. त्याला 'बोर करणे' म्हणतात. मग त्यात मोठा पिस्टन आणि मोठी रिंग घालावी लागते. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडून पाहा. तिथे ०२० असा आकडा दिसला, तर पिस्टन वीस 'थाऊ' मोठा आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर.

अर्ध्या मिलिमीटरने काय होते, असे वाटेल. आता हिशेब करा. तोंड वीस थाऊ मोठे झाले, की त्याचा घेर सुमारे त्रेसष्ट थाऊ वाढतो. साध्या मापाची रिंग त्यात घातली, तर रिंगेच्या दोन टोकांमधली फट तेवढीच वाढते. साडेचार इंची सिलिंडरात ही फट सुमारे चौदा ते अठरा थाऊ हवी. ती ऐंशीवर गेली म्हणजे दाब सुटतो, तेल जळते, धूर निघतो. हँडल मारून मारून खांदा दुखतो आणि इंजिन काही सुरू होत नाही. मग आपण डिझेलला नावे ठेवतो.

म्हणून नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरात सोडा. पिस्टनने सरळ आत ढकला. फटीत पत्त्यांचे गेज घालून बघा. हे काम पाच मिनिटांचे आहे.

बेअरिंग आणि पट्टा

काही भाग असे आहेत की त्यांना इंजिनाचे नाव लागतच नाही. बेअरिंग त्यातले पहिले. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगच्या कडेवर एक नंबर कोरलेला असतो. समजा तो ६२०५ आहे. शेवटचे दोन आकडे ०५. त्यांना पाचाने गुणा. पंचवीस आले. म्हणजे आतले भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा घेर आडवा मोजला तर ५२ आणि जाडी १५. हा नंबर कोणत्याही कंपनीच्या बेअरिंगवर असो, कोणत्याही देशात बनलेला असो, मापे हीच. तेच ६३०५ घेतले तर भोक २५च, पण बाहेरून ते ६२ भरते. ते तुमच्या खोबणीत बसणार नाही. नंबरापुढे अक्षरे असतील तर तीही उतरवा. बेअरिंगला झाकण आहे की नाही, हे अक्षरांवरून कळते.

जुन्या इंजिनांत निमुळत्या रोलरांचेही बेअरिंग सापडते. त्याचे दोन तुकडे होतात, आतला कोन आणि बाहेरची कडी. इंची मापाच्या अशा बेअरिंगमध्ये दोन्ही तुकड्यांवर निरनिराळे नंबर असतात. एक नंबर नेलात तर दुकानदार एकच तुकडा देईल.

पंपाच्या व्ही-पट्ट्याचेही तसेच. 'बी ६०' असे छापलेले असले, तर 'बी' ही पट्ट्याची जात. तिची वरची रुंदी सुमारे १७ मिलिमीटर. साठ म्हणजे आतून लांबी साठ इंच. पट्टा नवा असतानाच हा नंबर लिहून ठेवावा. जुना झाला की छाप पुसून जातो.

सूत आणि मिलिमीटर

जुनी विलायती इंजिने इंचाच्या मापाची. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्यानंतर हळूहळू सारे मिलिमीटरवर आले. त्यामुळे घरातले इंजिन इंचात बोलते आणि दुकान मिलिमीटरमध्ये. भांडण बोल्टांवरून होते.

मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात. एका भागाला सूत म्हणतात. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. तो मिलिमीटरमध्ये १२.७ भरतो. दुकानात मिळतो बारा मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण बारा मिलिमीटरचा बोल्ट चार सुती नटात खुळखुळतो. आज तो बसल्यासारखा वाटेल, पण इंजिनाच्या हादऱ्याने सुटेल.

बरे, चार सुती म्हटले तरी संपले नाही. आट्यांत फरक असतो. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे एक ठरावीक माप सुचवले. जुन्या विलायती यंत्रांवर तेच आटे असतात. त्यात अर्ध्या इंची बोल्टला एका इंचात १२ आटे. अमेरिकी पद्धतीच्या अर्ध्या इंची बोल्टला १३. असा नट दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडतो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर करणारे वीर आपल्याकडे पुष्कळ आहेत. जोर केला की आटे मरतात. बिडाच्या भागातले आटे मेले, की दोन रुपयांच्या नटापायी मोठा भाग जातो.

यावर साधी युक्ती आहे. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी धरा. एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवा. मग उजेडाकडे धरून बघा. मधून कुठेच उजेड आला नाही तर आटे एक. म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट खिशात टाका. तो गंजलेला असला तरी चालेल.

शोधायचे कुठे?

आधी तालुक्याचे दुकान. तिथे नसेल तर मोठा बाजार. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर यंत्रसामानाची आणि बेअरिंगची दुकाने आहेत. कोल्हापुरात उद्यमनगर आहे. तिथे लेथवाले, फाउंड्रीवाले, जुनी इंजिने जाणणारे मिस्त्री एकाच भागात भेटतात. लिस्टर नमुन्याचे भाग राजकोटहून मागवता येतात. दुकानदाराला तिकडचा माल मागवायला सांगावे. फोटो पाठवायचा असेल तर भागाशेजारी फूटपट्टी ठेवून काढा. नुसत्या फोटोवरून माप कळत नाही.

दुकानात 'ओरिजिनल' आणि 'डुप्लिकेट' असे दोन शब्द ऐकू येतात. डुप्लिकेट म्हणजे वाईटच, असे समजू नये. ज्या इंजिनाची मूळ कंपनीच बंद झाली, त्याचा ओरिजिनल भाग येणार कुठून? दुसऱ्याने बनवलेला भागही चांगला असू शकतो. पण जुन्या नमुन्याची इंजिने अनेक लहान कारखान्यांत बनली. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या इंजिनाला थोडा घासून बसवावा लागतो. एवढे गृहीत धरा. पैसे देण्याआधी माप घ्या, आणि माप चुकले तर परत घेण्याचे बोलून ठेवा. बिलावर नंबर लिहून घ्या.

तिसरी जागा भंगाराची. भंगारवाल्याला आपण फारसा मान देत नाही. पण जुन्या यंत्राचा खरा पुरवठादार तोच. एका इंजिनाचा सिलिंडर फुटला, म्हणून त्याची चाके, दांडे, झाकणे, तेलाची टाकी वाईट होत नाहीत. पंचक्रोशीत कोणाकडे तसलेच बंद इंजिन पडले आहे, याची चौकशी करा. दोन मेलेल्या इंजिनांतून एक जिवंत होते. उघडताना मात्र प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा.

करून घेण्याचे भाग

बुश, पिन, साधा शाफ्ट, पुली हे भाग लेथवर करून मिळतात. धातू मात्र तोच सांगा. पितळेसारखा दिसणारा प्रत्येक बुश पितळेचा नसतो, तो गनमेटलचा असतो. पितळ लवकर खाल्ले जाते.

गॅस्केट कापून घेता येते. पण जाडी जुन्याइतकीच हवी. हेडचे गॅस्केट जाड झाले तर दाब कमी पडतो. पातळ झाले तर पिस्टन वर आपटू शकतो. जुने गॅस्केट काढताना एक काळजी घ्या. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे कॅन्सरसारखे आजार होतात. म्हणून ते कोरडे घासू नका, फुंकू नका. ओले करून खरवडा आणि चिंधीत गुंडाळून पुरून टाका.

बिडाचा भाग मोडला तर फाउंड्रीत नवा ओतून मिळतो. मोडलेला तुकडाच नमुना म्हणून वाळूत दाबायचा, असे कोणी म्हणेल. तसे केले तर नवा भाग लहान येतो. तापलेले बीड निवताना आकसते. एका फुटाला साधारण एक सूत. शिवाय लेथवर छिलायला वर थोडा धातू हवा. म्हणून नमुना करणारा सुतार मोठ्या मापाचा लाकडी नमुना करतो. त्याची मजुरी वाचवायला जाऊ नये.

उसाच्या चरकाचे दातेरी चाक मोडले तर दाते मोजा. मोडलेले दातेही धरा. मग चाक दात्यांच्या टोकांपासून टोकांपर्यंत आडवे मोजा. दात्यांच्या संख्येत दोन मिळवा आणि त्या आकड्याने मापाला भागा. समजा दाते ३८ आणि माप २०० मिलिमीटर. ३८ आणि २ मिळून ४०. दोनशे भागिले चाळीस, म्हणजे पाच. हा पाच त्या दात्याचा मापांक. कारागीर त्याला मॉड्यूल म्हणतात. सरळ दात्यांच्या साध्या चाकांना हा हिशेब लागू पडतो. भागाकार नीट सुटला नाही तर चाक इंची मापाचे असावे. तसे कारागिराला सांगा.

जिवाशी खेळ

तीन ठिकाणी काटकसर करू नये.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ही पहिली जागा. ते साध्या बोल्टासारखे दिसतात, पण त्यांचे पोलाद निराळे असते. तिथे बाजारातला साधा बोल्ट घातला आणि तो चालत्या इंजिनात तुटला, तर दांडा कवच फोडून बाहेर येतो. तेव्हा जवळ कोण उभे असेल, ते सांगता येत नाही.

दुसरी जागा डिझेलच्या पंपाची आणि नोझलची. पंपात एक दांडी आणि तिची नळी असते. दोन्ही एकमेकींना घासून जोडी केलेली. त्यांच्यातली फट केसापेक्षा कितीतरी बारीक. म्हणून या पंपातली दांडी त्या पंपाच्या नळीत घालू नये. जोडी बदलायची तर दोन्ही एकदम. नोझलची चाचणी घेताना धारेपुढे हात कधी धरू नका. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टिपक्याएवढी दिसली, दुखली नाही, तरी तडक दवाखान्यात जावे. उशीर केला तर बोट किंवा हात जातो.

तिसरी जागा मोठ्या चाकाची. बिडाचे चाक शाफ्टवर चावी ठोकून बसवतात. चावीच्या खाचेपासून कधी कधी तडा जातो. जुने चाक घेताना ते टांगून धरा आणि हातोडीने हळूच वाजवा. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसेच. चाक घंटेसारखे वाजले तर ठीक. बद्द वाजले तर घेऊ नका. वाजले चांगले, तरी चावीजवळची जागा पुसून डोळ्यांनी बघा. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून देतो, असे कोणी म्हटले, तर त्याला हात जोडावेत.

इंजिनच बदलायचे ठरले तर

सगळ्याच इंजिनांना वाचवू नये, हेही खरे. क्रँक तुटला, बेअरिंगच्या खोबणीत कवच फुटले, आणि वर सिलिंडरही गेला, तर भागांचा खर्च आधी कागदावर मांडा. तो चांगल्या जुन्या इंजिनाच्या किमतीच्या वर गेला तर हट्ट सोडावा.

पण नवे इंजिन आणले म्हणजे चाल बदलते. हे लक्षात न आल्याने अपघात होतात. समजा जुने इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांचे होते. त्याची पुली अठरा इंचांची, गिरणीचीही अठरा इंचांची. दगडही ६५० फेरे घेत होता. तुम्ही १५०० फेऱ्यांचे इंजिन आणले आणि तीच पुली चढवली. आता दगड १५०० फेरे घेईल. फेरे सव्वादोन पटींहून जरा जास्त झाले. दगडाला फोडू पाहणारा जोर मात्र पाच पटींहून जास्त वाढला. दगड फुटून उडू शकतो.

पुलीचा हिशेब असा. गिरणीच्या पुलीचे माप गुणिले दगडाला हवे असलेले फेरे. त्याला नव्या इंजिनाच्या फेऱ्यांनी भागा. अठरा गुणिले ६५०, भागिले १५००. उत्तर येते ७.८. म्हणजे नव्या इंजिनावर पावणेआठ इंचांची पुली हवी. विजेची मोटार बसवली तरी हिशेब हाच. मोटारीचे फेरे तिच्या पाटीवर लिहिलेले असतात.

भिंतीवर लिहून ठेवा

इंजिनघराच्या भिंतीवर तेलरंगाने नंबर लिहिण्याची पद्धत फार चांगली आहे. कागद तेलाने खराब होतो, मोबाइल बदलतो, भिंत तिथेच असते. मिस्त्री बदलला तरी त्याला सारे कळते. लिस्टर नमुन्याच्या इंजिनाची भिंत अशी दिसेल:

इंजिन लिस्टर नमुना, ६ हॉर्सपॉवर, ६५० फेरे.
सिलिंडर साडेचार इंच, पिस्टन ०२० मोठा.
रिंग बदलल्या, त्याचा महिना आणि साल.
हेडचे बोल्ट इंची, आटे जुने विलायती. नमुन्याचा बोल्ट खिळ्याला टांगला आहे.
पंपाचे बेअरिंग ६२०५.
पंपाचा पट्टा बी ६०.